रुपीबाईचे वावडे

रुपीबाई रामधन राठोड ही आमच्या टोळीत वावरावर सर्वांत शेवटी पोचणारी बाई होती. यात तिचा दोष नव्हता. आमचे गाव नेर तालुक्यात सडकेला लागून आहे आणि तिचा तांडा टेकडीच्या पलीकडे आहे. पायवाटेने येण्यास तिला सव्वा तास लागे. ती उजाडण्यापूर्वी भाकर बांधून निघे, तरीही आम्ही गावच्या बाया तिच्या आधी वावरात उभ्या असू.

कापूस वेचणीचा आमच्याकडे एक नियम आहे. जी बाई प्रथम येते ती पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, आपल्या मनाजोगती ओळ धरते. त्या ओळीला आम्ही तास म्हणतो. नंतर दुसरी बाई आपला तास धरते, नंतर तिसरी. जी शेवटी येते तिच्या वाट्याला धुऱ्याचा, म्हणजे बांधाच्या कडेचा तास येतो. धुऱ्याच्या तासात बोरीचे काटे असतात, रानडुकरांनी मोडलेली झाडे असतात, आणि कडेला पेरलेल्या तुरीच्या दाटीत गांधीलमाशांची पोळी असतात. हा नियम कोणी कोणाच्या वाईटासाठी केलेला नाही. परंतु त्यामुळे सोळा वर्षे धुऱ्याचा तास रुपीबाईचाच राहिला.

माझे गुडघे दुखतात. त्यामुळे मी बहुधा शेवटून दुसरी पोचत असे, आणि माझा तास तिच्या तासाला लागून असे. आमची ओळख अशी झाली. पऱ्हाटीच्या एका ओळीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, अशा आम्ही सोळा हंगाम बोललो. तोंडे क्वचित दिसत. तिच्या हातातील बांगड्यांचा आवाज मात्र सतत येत असे.

रुपीबाईचे लग्न पंधराव्या वर्षी झाले. पहिली काही वर्षे ती आणि रामधन ऊसतोडीला दूरच्या जिल्ह्यात जात. एकदा उसाच्या गाडीवरून पडून रामधनचा पाय अधू झाला. तेव्हापासून तो तांड्यात बसून बकऱ्या राखतो आणि रुपीबाई वेचणी, निंदण, तुरीची सोंगणी, जे मिळेल ते करते. तिचा हात स्वच्छ होता. तिने वेचलेल्या कापसात पानाचा चुरा सापडत नसे. आमच्या शेतमालकीणबाई विमलताई तिच्या झोळीतील कापूस नवीन बायांना उघडून दाखवीत. ती कमी बोलत असे आणि खोटे बोलत नसे. या दुसऱ्या गुणामुळे तिचे पुढे नुकसान झाले.

ज्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि फवारणीने माणसे आजारी पडली, त्या वर्षापासून मला सांगावयाचे आहे.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर औषध उडत असे. जिल्ह्यात अनेक माणसे दवाखान्यात गेली आणि काही परत आली नाहीत. आमच्या गावात पंचायतीपुढे सभा झाली. बाहेरून आलेल्या साहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. बाधा झालेल्या माणसाचे कपडे उतरवा. साबणाने अंग धुवा. औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. आम्ही त्या गोष्टी पाठ केल्या. आमच्यापैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून पाठ करणे हेच आमचे शिक्षण होते. फवारणीच्या बाधेसाठी ते सर्व योग्यच होते.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी विमलताईंच्या वावरात वेचणी सुरू होती. फवारा चार दिवसांपूर्वी झालेला होता. आम्ही चौदा बाया होतो. बहुतेक बोंडे अळीने पोखरलेली असल्यामुळे कापूस मोकळा निघत नव्हता, बोटांनी कोरून काढावा लागत होता. दहाच्या सुमारास पलीकडच्या तासातून रुपीबाई म्हणाली की तिला माशी चावली. मी विशेष लक्ष दिले नाही. गांधीलमाशी आम्हा सर्वांना चावते. आम्ही चावल्या जागी विळ्याचे पाते घासतो आणि कामाला लागतो. मी तिला तेच सांगितले.

थोड्या वेळाने तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी पऱ्हाटी बाजूला करून पाहिले तेव्हा ती खाली बसून दोन्ही तळहात मातीवर घासत होती. तिच्या मानेवर आणि हातांवर गांधी उठल्या होत्या. ओठ सुजले होते. तिने उलटी केली. मग कोणीतरी म्हणाले की फवारा लागला, आणि आम्हा तेरा जणींना पाठ केलेले एकदम आठवले.

आम्ही तिला उभी केली. दोघींनी दोन खांदे धरले आणि तिला विहिरीपर्यंत चालवीत नेली. ते अंतर दोन वावरांचे आहे. तिचे पाय लटपटत होते आणि आम्ही तिला धीर देत होतो. विहिरीवर तिचे कपडे उतरवून आम्ही तिला साबण लावला. पहिली बादली अंगावर पडताच ती माझ्या हातातून सुटून खाली कोसळली. तिचे डोळे पांढरे झाले. विमलताईंचे यजमान पुंडलिकराव यांनी जीप आणली आणि नियमाप्रमाणे औषधाची बाटली न विसरता सोबत घेतली. दवाखान्यात त्यांनी ती बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

त्या वॉर्डात फवारणीचे रोगी भरलेले होते. काहींचे हात पलंगाला बांधले होते, कारण ते भ्रमात उठून पळत. अशा ठिकाणी समोर बाटली असताना कोणता डॉक्टर दुसरे काही समजेल? त्यांनी तिच्यावर विषाचे उपचार केले. सूज पाहून सुजेचेही एक इंजेक्शन दिले. ती वाचली. कशामुळे वाचली हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. शुद्धीवर आल्यावर ती बसलेल्या आवाजात म्हणत होती की तिला माशी चावली. मी तिला गप्प राहण्यास सांगितले. मला वाटले, ती भ्रमात आहे.

तेथून तिचे दिवस कठीण झाले. विषबाधा झालेल्यांच्या सरकारी यादीत तिचे नाव गेले. चौकशीसाठी माणूस आला, आणि फवारा झालेल्या वावरात बाया का घातल्या असे पुंडलिकरावांना विचारण्यात आले. त्यांना त्याचा राग आला. त्यांनी तिला पुन्हा बोलावले नाही. इतर शेतकऱ्यांनीही बोलावले नाही. विषबाधा झालेली बाई वावरात पुन्हा पडली तर काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता. तांड्यातील लोक उलट बोलत. ते म्हणत की आता यादीत नाव आलेच आहे, तर मदत मिळेपर्यंत विषबाधाच म्हणत राहा. रामधननेही तसे सांगून पाहिले. रुपीबाईने ऐकले नाही. चौकशीच्या माणसापुढेही तिने एकच वाक्य म्हटले.

“मले माशी चावली होती. फवारा नाही लागला.”

त्या माणसाने ते लिहून घेतले नाही. अशा रीतीने तिला मदतही मिळाली नाही आणि कामही मिळाले नाही. त्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या तासात कोणीतरी दुसरी बाई होती. ती फार बोलत असे.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बुद्धविहारात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला. शिकविणारी प्रेरणा ही कॉलेजात जाणारी मुलगी होती आणि आम्ही तिच्या आजीच्या वयाच्या होतो. मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पाटी घेतली. वैशाखापर्यंत मला हळूहळू वाचता येऊ लागले. एका दुपारी रुपीबाई टेकडी ओलांडून विहारात आली. तिच्याजवळ दवाखान्याचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले होते. या कार्डामुळे मला कोणी कामाला घेत नाही, तर यात काय लिहिले आहे ते वाचून सांगा, असे ती म्हणाली. प्रेरणाने ते कार्ड माझ्या हाती दिले.

मी बोट ठेवून वाचले. वरचे इंग्रजी मला आले नाही, ते प्रेरणाने वाचले. खाली मराठीत लिहिले होते, फवारणी विषबाधा. मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. माशी हा शब्द त्यात कोठेही नव्हता.

रुपीबाई म्हणाली, “मी त सांगतलं होतं ना. मंग काहून नाही लिवलं?”

तिने सर्वांत प्रथम मलाच सांगितले होते.

गावच्या उपकेंद्रात मैत्रेयी सिस्टर होत्या. त्यांच्याकडे पाच गावे होती आणि त्या नेहमी थकलेल्या दिसत. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कार्ड वाचले आणि बाजूला ठेवले. मग त्यांनी विचारले की त्या दिवशी वावरात किती बाया होत्या. आम्ही सांगितले, चौदा.

“फवाऱ्याचं झाड चौदा जणींनी हाताळलं आणि पडली ही एकटी. आधी ते मनात आलं नाही का कोणाच्या?”

आमच्या मनात ते आले नव्हते. सिस्टरांनी एकामागून एक प्रश्न विचारले. फवाऱ्याच्या विषाने गळते तशी तोंडातून लाळ गळत होती का? नव्हती. गांधी उठल्या होत्या का? उठल्या होत्या. माशी चावल्यानंतर किती वेळाने? मी म्हणाले, अर्धा तास. रुपीबाई म्हणाली, नाही, एक ओंजळ कापूस वेचून झाला नव्हता तोच. यापूर्वी कधी असे झाले होते का? तेव्हा रुपीबाईने जे सांगितले ते मी सोळा वर्षांत ऐकले नव्हते. लहानपणी तिला गांधीलमाशी चावली तेव्हा फक्त हात कोपरापर्यंत सुजला. ऊसतोडीच्या दिवसांत चावली तेव्हा सर्व अंगावर गांधी उठल्या आणि छाती भरून आली, पण संध्याकाळी उतरले. तिसरी वेळ ही होती.

सिस्टर म्हणाल्या की याला वावडे म्हणतात. कोणाला वांग्याचे वावडे असते, खाल्ले की अंग खाजते. हिला गांधीलमाशीच्या विषाचे वावडे आहे आणि ते फार मोठे आहे. जे विष आपल्याला नुसते दुखवते, त्यावर हिचे स्वतःचे शरीरच उसळून उठते. घसा आतून सुजतो, श्वासाची वाट बंद होते, रक्तदाब खाली जातो. पुढची वेळ याहून वाईट येऊ शकते. अशा वेळी रोग्याला उभे केले किंवा चालविले तर हृदयाकडे रक्त पोचत नाही आणि माणूस जागीच जातो. आम्ही तिला दोन वावरे चालविले होते, हे मी त्यांना सांगितले.

औषध एकच आहे, असे त्या म्हणाल्या. एक इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, आणि ते लवकर. त्यांनी आम्हाला खाजेच्या गोळ्या दिल्या, परंतु बजावून सांगितले की गोळीने खाज कमी होईल, जीव वाचणार नाही. गोळी देऊन वाट पाहत बसू नये. ते इंजेक्शन जवळ ठेवता येईल का, असे मी विचारले. मोठ्या शहरांत श्रीमंत लोक लेखणीसारखे एक यंत्र बाळगतात, ते येथे मिळत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या पेटीत ते औषध असते, परंतु ते लस दिल्यावर एखाद्या मुलाला असेच वावडे उठले तर त्यासाठी असते.

“आणि मी रोज इथे नसते, मावशी. हे लक्षात ठेवा.”

घरी येऊन मी एक चिठ्ठी लिहिली. ती लिहायला मला तीन दिवस लागले. प्रेरणाने चुका दुरुस्त केल्या आणि मी ती पुन्हा स्वच्छ लिहिली. त्या चिठ्ठीत असे होते: ही रुपीबाई रामधन राठोड. हिला गांधीलमाशीचे वावडे आहे. गांधी उठणे, ओठ व जीभ सुजणे, आवाज बसणे, उलटी, चक्कर, दम लागणे, यांपैकी काही दिसल्यास उशीर करू नये. हिला उभी करू नये. चालवू नये. आडवी निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असल्यास पाठीला टेका देऊन बसवावी. मांडीत इंजेक्शन लागते. हे फवारणीचे विष नाही.

रुपीबाईने चिठ्ठी कार्डाच्याच पिशवीत घातली आणि वेचणीच्या झोळीच्या आत शिवून टाकली.

नंतर मी विमलताईंकडे गेले. कार्ड चुकीचे आहे, हे मी त्यांना समजावले. त्यांनी बराच वेळ ऐकले नाही. शेवटी त्या म्हणाल्या की तू जामीन राहत असशील तर येऊ दे तिला. मी जामीन राहिले. स्वच्छ वेचणारी बाई त्यांनाही हवी होती. म्हणजे रुपीबाईला त्या वावरात परत आणणारी मीच होते, हे स्पष्ट असावे.

कार्तिक महिन्यात वेचणी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस काही झाले नाही. ती पूर्वीप्रमाणेच शेवटी येत होती, आणि नियमाप्रमाणे धुऱ्याचा तास तिच्याकडे जात होता. मला हे दिसत होते. एकदा माझ्या मनात आले की तिच्याशी तास बदलावा. परंतु धुऱ्याच्या तासात काट्यांमुळे वाकून वेचावे लागते आणि माझे गुडघे त्या दिवसांत फार दुखत होते. उद्या बघू, असे मी ठरविले. असे मी पंधरा दिवस ठरविले.

तो गुरुवार होता. सकाळी वावरात जाताना अंगणवाडीपुढे लहान मुलांना घेऊन बाया बसलेल्या मी पाहिल्या होत्या, म्हणजे लसीकरणाचा दिवस होता. आम्ही वेचणीला लागून तासभर झाला असेल. पलीकडून रुपीबाईने मला हाक मारली. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

“मथुराबाई, चावली. कानामागं.”

मी या वेळी विळा शोधला नाही. पऱ्हाटी मोडून पलीकडे गेले. ती आपण होऊन खाली बसली होती. तिने तळहात दाखविले, ते लाल झाले होते. ती म्हणाली की जीव घाबरून राहिला आहे, काहीतरी वाईट होणार असे वाटून राहिले आहे. तिने असे बोललेले मी कधी ऐकले नव्हते. मी तिला आडवी केली आणि माझ्या कापसाचे गाठोडे ओढून तिच्या पायांखाली ठेवले.

तोपर्यंत बाया जमल्या. एकीने आपल्या पिण्याच्या पाण्याची कळशी आणली. दुसरी तिची चोळी सोडू लागली. विमलताई धुऱ्यावरून आल्या आणि म्हणाल्या की बसल्या काय, उचला तिला, विहिरीवर न्या. दोघींनी तिचे खांदे धरले. सर्व काही गेल्या वर्षीप्रमाणेच होऊ लागले होते. त्या बाया वाईट नव्हत्या. जे पाठ होते ते त्या करीत होत्या.

मी म्हणाले, “तिले उभी नोका करू.”

कोणी थांबले नाही. मी आयुष्यात कोणाला हुकूम दिलेला नव्हता आणि तो कसा देतात हे मला ठाऊक नव्हते. मी तिच्या छातीवर हात ठेवून तिला खाली दाबून धरले. विमलताई माझ्यावर चिडल्या.

“कालवरी अंगठा लावत होती तू, आज डाक्टर झाली काय वं? मेली त कोणाच्या माथी?”

“माह्या माथी,” मी म्हणाले. “जामीन मीच हाय.”

नंतर मी तिच्या झोळीची शिवण दातांनी तोडली आणि चिठ्ठी काढली. मी ती मोठ्याने वाचली. मी अडखळले आणि दोन ओळी पुन्हा वाचल्या. हिला उभी करू नये. चालवू नये. मी तोंडाने हेच सांगितले होते तेव्हा कोणी ऐकले नाही. कागदावरून तेच शब्द आले तेव्हा दोघींनी तिचे खांदे सोडले. तो कागद माझाच लिहिलेला होता, हे मी त्या वेळी सांगितले नाही.

सिस्टर आज लस देण्यास अंगणवाडीत आहेत, असे मी म्हणाले, तेव्हा विमलताईंनी मोबाईल काढला आणि पुंडलिकरावांना मोटारसायकलने अंगणवाडीत जाण्यास सांगितले. मग त्यांनीच रुग्णवाहिकेला फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली होती, पाऊण तास लागेल असे उत्तर आले.

रुपीबाईचे ओठ आता जाड झाले होते आणि जीभ दातांबाहेर येत होती. तिला श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज होत होता. तिने उठण्याची धडपड केली. मी तिला कापसाच्या दोन गाठोड्यांना टेकवून अर्धवट बसविले, पाय तसेच पुढे पसरलेले ठेवले. ती माझ्याकडे पाहत होती. तिने काहीतरी म्हटले, परंतु आवाज निघाला नाही. मला वाटले, ती पाणी मागत आहे. चिठ्ठीत पाण्याविषयी काही लिहिलेले नव्हते. घसा बंद असताना पाणी कोठे जाईल, असा विचार करून मी दिले नाही. ते बरोबर होते असे सिस्टर नंतर म्हणाल्या. त्या वेळी मला ते ठाऊक नव्हते आणि ती हात पुढे करीत होती.

मैत्रेयी सिस्टर मोटारसायकलवर पेटी छातीशी धरून आल्या. फोन कानाला आणि खांद्याला दाबून त्या मोठ्या डॉक्टरांशी बोलत होत्या. पलीकडून काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. त्या इतकेच म्हणाल्या, “सर, लस नाही, माशी आहे. पण आजार तोच आहे. मी देते आहे.” त्यांनी फोन मातीवर ठेवला, काचेची लहान कुपी फोडली आणि रुपीबाईच्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर बाजूला सारून मांडीत सुई दिली.

नंतर आम्ही थांबलो. सिस्टरांचे बोट तिच्या मनगटावर होते आणि डोळे घड्याळावर. काही मिनिटे गेली. प्रथम शिट्टीचा आवाज बारीक झाला. मग रुपीबाईचे हात थरथर कापू लागले, मला भीती वाटली, पण सिस्टर म्हणाल्या की ते औषधाने होते. मग तिने खोल श्वास घेतला आणि रडू लागली. विमलताई धुऱ्याच्या दगडावर बसल्या. त्यांच्या मांडीवर कोणाची तरी रिकामी कळशी होती, ती त्यांनी बराच वेळ तशीच धरून ठेवली.

रुग्णवाहिका आली तेव्हा मीही सोबत बसले. औषधाची बाटली कोणी आणली नाही. मी चिठ्ठी नेली आणि सिस्टरांनी इंजेक्शनची वेळ चिठ्ठीच्या मागे लिहून दिली. दवाखान्यात दुपारपर्यंत रुपीबाई इतकी सुधारली की बकऱ्यांचे नाव काढून घरी जाते म्हणू लागली. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस राहण्यास सांगितले होते. हे दुखणे उतरून पुन्हा चढू शकते, असे त्या म्हणाल्या होत्या. रुपीबाई पलंगावरून दोनदा उतरली. दोन्ही वेळा मी दारात उभी राहिले.

“तू माही सासू हायेस काय?” ती म्हणाली.

“हो, समज,” मी म्हणाले.

चारच्या सुमारास तिच्या मानेवर पुन्हा गांधी उठल्या आणि आवाज बसला. या वेळी सर्व जवळच होते. दुसरी सुई दिली गेली. घरी निघाली असती तर त्या वेळी ती टेकडीवरच्या पायवाटेवर असती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी नवीन कार्ड दिले. मोठ्या शहरात थोडे थोडे विष टोचून शरीराला सवय लावण्याचा उपचार असतो, परंतु त्याला काही वर्षे जावे-यावे लागते, असे त्यांनी सांगितले. रुपीबाईने मान हलविली. आम्हा दोघींनाही ठाऊक होते की ते होणार नाही. एसटीची वाट पाहत असताना तिने कार्ड माझ्या हाती दिले. मी वाचले, गांधीलमाशीच्या दंशाचे तीव्र वावडे. तिने पुन्हा वाचावयास लावले. मग तिने जुने कार्ड पिशवीतून काढले, थोडा वेळ पाहिले आणि परत पिशवीतच ठेवले. सरकारी कागद फाडू नये, असे ती म्हणाली.

लसीच्या पेटीतील औषध दुसऱ्या कामी वापरल्याबद्दल मैत्रेयी सिस्टरांना लेखी खुलासा द्यावा लागला. साक्षीदार म्हणून मी त्यावर सही केली. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. दोन महिन्यांनी त्यांची दुसऱ्या उपकेंद्रात बदली झाली. ती नेहमीची बदली होती असे त्या म्हणाल्या. आता जी सिस्टर आहे तिलाही मी चिठ्ठी दाखविली आहे.

रुपीबाई बारा दिवसांनी कामावर परत आली. तिने यावे असे मला वाटत नव्हते आणि येऊ नकोस असे मी तिला म्हणू शकत नव्हते. रामधनचा पाय बरा होणार नव्हता. वेचणीशिवाय त्या दिवसांत आमच्याकडे बायांना दुसरे काम नसते.

नियम बदलावा असे मी विमलताईंना सुचविले होते. त्या म्हणाल्या की एकीसाठी बदलला तर उद्या प्रत्येक बाई आपले दुखणे घेऊन येईल. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आमच्यापैकी प्रत्येकीला काहीतरी दुखणे होतेच. म्हणून मी त्या दिवशी लवकर गेले. सर्वांत प्रथम पोचले. पहिल्या बाईला मनाजोगता तास धरता येतो, आणि मी धुऱ्याचा तास धरला. इतर बाया हसल्या. एक म्हणाली की म्हातारीला शिकून शहाणपण आले की वेड लागले, ते कळत नाही.

मी तुरीच्या झाडांना प्रथम काठीने हलकेच हलवून पाहिले. एका फांदीवर मुठीएवढे पोळे होते. त्यावर चार-पाच माशा बसल्या होत्या. मी ती फांदी सोडून पुढे गेले.

ऊन वर आल्यावर टेकडीवरून रुपीबाई उतरली. ती सवयीने सरळ धुऱ्याकडे आली आणि मला तेथे वाकलेली पाहून उभी राहिली.

“म्हातारे, तुले चावली त?”

“मले नुसती दुखते,” मी म्हणाले. “जाय, आपला तास धर.”

ती झोळी कमरेला बांधून उरलेल्या मधल्या तासात शिरली. थोड्या वेळाने बांगड्यांचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा थोडा दुरून. कापूस त्या वर्षीही अळीचाच होता. बोंडातून बोटांनी कोरून काढावा लागत होता. माझे गुडघे दुखत होते आणि तास लांब होता.